वाटणीच्या आधीचं पाणी

आबांची पाण्याची बाटली मी मुद्दाम घरी ठेवली. विसरले असं मी त्या दिवशी दोनदा सांगितलं, पण ते खोटं होतं. मस्कतच्या बौशर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, ओट्यावर, गॅसशेजारी स्टीलची ती बाटली काठोकाठ भरून उभी होती आणि दार ओढताना मी तिच्याकडे नीट बघून घेतलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. नगर जिल्ह्यातल्या एका कालव्यावर त्यांनी आयुष्यभर पाटकऱ्याची नोकरी केली. कुणाच्या शेतात किती वाजता पाणी सोडायचं आणि किती वाजता तोडायचं हे बघणारा, पाटबंधारे खात्यातला अगदी खालचा माणूस म्हणजे पाटकरी. खालचा खरा, पण कालव्याच्या दारांच्या किल्ल्या त्याच्याकडे, आणि उन्हाळ्यात भलेभले बागाईतदार बांधावर उभे राहून त्याच्या सायकलची वाट बघत. आई गेल्यावर मी त्यांना थोड्या दिवसांसाठी ओमानला आणलं होतं. शनिवारी त्यांचं परतीचं विमान होतं. "गुडघ्यांनी हात टेकलेत. आता काय परत यायचा नाही मी," असं त्यांनी सांगूनच टाकलं होतं. आबांनी सांगितलेलं सहसा बदलत नाही.

त्या बाटलीशी माझं जुनं वैर आहे. पूर्वी ती बाटली नव्हती, छागल होती. जाड कापडाची, सायकलच्या हँडलला लटकवलेली, सदा पाझरणारी. आठ-नऊ वर्षांची असताना मी सुट्टीत त्यांच्या सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसून कालव्याच्या भरावावरून हिंडायचे. एकदा आम्ही एका मोठ्या बागाईतदाराच्या वस्तीवर थांबलो. घरातल्या बाईंनी विचारलं, "पाणी देऊ का?" आबा म्हणाले, "पाणी आहे माझ्याकडं." आणि छागलीचं बूच काढून त्यांनी मला पाणी पाजलं. त्या पाण्याला ओल्या कापडाचा वास होता. समोर, दाराबाहेरच्या कोनाड्यात, कान तुटलेला एक कप उपडा घालून ठेवला होता. तो कुणासाठी आहे हे मला कुणी सांगितलं नाही. आमच्याकडच्या पोरांना ते सांगावं लागत नसे. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला होता, पण त्या वस्तीनं काही त्याची दखल घेतलेली नव्हती.

मी त्या दिवशी मनाशी हिशोब लावून टाकला. माझ्या बापाला त्या कपातून प्यायचं नव्हतं आणि भांडायची हिंमत नव्हती, म्हणून छागल. पुढे मी सिव्हिल इंजिनियर झाले, मस्कतला आले, इमारतींच्या आणि वसाहतींच्या पाइपलाइनी तपासायला लागले, पण ती छागल डोक्यातून गेली नाही. छागलीची स्टीलची बाटली झाली एवढाच फरक. आबा इथं आले तेव्हा सामान उघडल्यावर सगळ्यांत आधी तीच बाहेर निघाली आणि माझं डोकं फिरलं.

त्यात कुरुमच्या हॉटेलातलं जेवण झालं. एका कंत्राटदारानं आमच्या ऑफिसच्या लोकांना घरच्यांसकट बोलावलं होतं. चांगलं हॉटेल, समुद्राकडे तोंड करून मांडलेली टेबलं. मी आबांना नवा सदरा घालून घेऊन गेले. वेटरनं पाण्याचा ग्लास समोर ठेवला, तर आबांनी पिशवीतून बाटली काढली आणि घटाघटा प्यायले. जेवायलाही नको म्हणाले, पोट बरं नाही म्हणून. घरी येऊन मात्र दूधभात मागून घेतला. कंत्राटदार हसला, मग बाकीचेही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत आबांनी विचारलं, "ह्या माणसाचं काही काम तुझ्याकडं अडलंय का?"

"सही राहिलीय एक. का?"

"काय नाही. विचारलं."

"आबा, तुम्ही इथं तरी ती बाटली काढू नका. इथं तुम्हाला कोण विचारतंय तुम्ही कोण म्हणून?"

मी त्या रात्रीपासून हट्टाला पेटले. जायच्या आधी आबांना सगळ्यांसमोरचं, सगळ्यांचं पाणी प्यायला लावायचं. मराठीत पाणी पाजणं म्हणजे हरवणं, हे मला ठाऊक होतं. मला आबांना हरवायचंच होतं.

जागा मी निवडली निझवा. मस्कतहून दीड-दोन तासांवर, डोंगरांच्या पायथ्याशी खजुराच्या बागांत वसलेलं हे जुनं शहर. एकेकाळी देशाची राजधानी, धर्मपंडितांची आणि इमामांची नगरी. पलीकडे समुद्रावर बोटी यायच्या, व्यापार चालायचा. निझव्यात मशिदींच्या सावलीत बसून शिकणं-शिकवणं चालायचं. तिथे शेकडो वर्षांचा किल्ला आहे, मशीद आहे, मातीच्या घरांची जुनी वस्ती आहे. आणि तिथे फलज आहे. फलज म्हणजे पाट. डोंगराच्या पोटातून जमिनीखालून आणलेला, कुठलाही पंप न लावता नुसत्या उतारावर शहरात आणि बागांत खेळवलेला. त्याची एक गोष्ट मी कुठेतरी वाचून ठेवली होती. पाणी जिथे पहिल्यांदा उजेडात येतं, तिथे ते कुणीही प्यावं. गावचा, परका, वाटसरू, कुणीही. प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय मी स्वतः कुठल्याही पाण्याला बरं म्हणत नाही. पण त्या एका ओंजळीसाठी मी अहवाल बाजूला ठेवायला तयार होते.

शुक्रवारी सकाळी निघालो. गाडी चालवायला माझ्या ऑफिसातला ड्राफ्ट्समन होता. श्रीवर्धनकडचा, पंचवीस वर्षं ओमानात, अरबी पाण्यासारखी बोलतो. आबांना तो काका म्हणतो आणि आबांशी त्याचं माझ्यापेक्षा जास्त पटतं. बिदबिदच्या पुढे डोंगर सुरू झाले तेव्हा आबांनी पिशवीत हात घातला, चाचपलं, आणि हात बाहेर काढला.

"बाटली राहिली वाटतं," मी म्हणाले. "विसरलेच मी."

"असू दे," आबा म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

किल्ल्यात ते ज्या जिद्दीनं चढले ते बघून मीच दमले. मधला बुरूज अवाढव्य आहे, गोल, आणि वर जाणारा जिना वळणावळणाचा. प्रत्येक वळणावर दार, आणि दाराच्या वर छतात एक फट. ड्राफ्ट्समननं सांगितलं, शत्रू दाराशी आला की वरून खजुराचा उकळता रस ओतायचे.

"म्हणजे काकवी!" आबा खूश झाले. उसाच्या पट्ट्यात नोकरी गेलेली, त्यांना लगेच दिसलं ते. "भाजलं की चिकटून बसत असणार. डोक्यालिटीचं काम आहे."

प्रत्येक पाचव्या पायरीला ते भिंतीला हात लावून थांबत आणि मी खालून "राहू द्या आबा" म्हटलं की पुढची पायरी चढत. वर पोचल्यावर सगळं शहर खाली पसरलेलं दिसलं. शेजारी मशिदीचा घुमट, त्याच्या पलीकडे मातीच्या रंगाची घरं, आणि चहूकडे खजुराची हिरवी गर्दी. लोक घुमटाचे फोटो काढत होते. आबा खजुराकडे बघत होते.

"एवढं हिरवं म्हणजे पाणी कुठून तरी रोज येतंय. मुख कुठाय ह्याचं?"

"तिथंच जायचंय," मी म्हणाले.

खाली सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, हलव्याच्या दुकानदारानं आम्हाला हाका मारून बसवलं आणि चिमुकल्या कपातून कहवा दिला, सोबत खजूर. आबांनी कहवा घेतला. एक नाही, तीन कप. त्या माणसाच्या हातातून, त्याच्याच कपात, शेजारच्या गिऱ्हाईकाला लावून बसून. मी बघत राहिले. कहवा चालतो आणि पाणी चालत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? इथं काहीतरी पाणी मुरतंय असं त्या वेळी मला वाटायला हवं होतं. पण मी माझ्या रागात इतकी बुडालेली होते की समोरची गोष्ट बघूनही बघितली नाही. जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली तसा ड्राफ्ट्समन मशिदीत गेला आणि आम्ही दोघं जुन्या वस्तीच्या भिंतीच्या सावलीत बसून राहिलो. आबा मशिदीत जाणाऱ्या लोकांचे पाय बघत होते. बहुतेक जण आधी वुझू करून, पाय धुऊन आलेले.

"पाण्याशिवाय धर्म नाही बघ कुठला," ते म्हणाले.

नमाजानंतर आम्ही शहराबाहेर फलजाच्या मुखाकडे गेलो. जागतिक वारशाची पाटी, थोडी बाग, झाडांखाली चटया टाकून जेवणारी कुटुंबं. पायऱ्या उतरून खाली गेलं की दगडी पाट, आणि त्यात आरशासारखं स्वच्छ पाणी सपाट्यानं वाहत होतं. बोटभर मासे होते त्यात. ड्राफ्ट्समन गाडी लावायला गेला होता. आबा पायरीवर बसले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पाण्याकडे बघत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच वर्षांनी असं काही बघितलं. आई असताना ते असे दिसायचे.

"प्या ना आबा," मी म्हणाले. "सकाळपासून घशाला कोरड पडली असेल. इथं कुणीही पितं."

त्यांनी हात पुढे केला. पाण्याच्या वीतभर वर थांबवला. मग मान वर करून मला विचारलं, "हे पाणी आत्ता कोणाचं?"

धम्म घेऊन साठ-पासष्ट वर्षं झाली, समुद्र ओलांडून आलो, मुलगी इंजिनियर झाली, आणि तरी हा माणूस पाण्याला हात लावायच्या आधी विचारतोय, कोणाचं? मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मला राग येतो.

"सगळ्यांचं आहे!" मी जवळजवळ ओरडले. "कुणाच्या बापाचं नाही!"

नेमका तेव्हाच वरून एक म्हातारा उतरून आला. पांढरा झगा, डोक्याला मसर, म्हणजे गुंडाळलेलं फडकं, आणि हातात काठी. माझा आवाज ऐकूनच आला असणार. काठीनं पाण्याकडे आणि मग वरच्या बाजूला दाखवत त्यानं मोडक्या हिंदीत आबांना सांगितलं, "इदर नहीं, बाबा. शरिया. शरिया उपर. मैं वकील."

शरिया. वकील. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. माझा बाप पाण्याशी वाकलेला, त्याचा हात हवेत, आणि समोर एक काठीवाला धर्माचा कायदा सांगतोय. कोनाड्यातला कप माझ्या डोळ्यांसमोर आला. मी मधे जाऊन उभी राहिले.

"पानी को हाथ लगाने के लिए वकील लगता है क्या?" मी विचारलं. "कौन से शरिया में लिखा है कि मेरा बाप पानी नहीं पी सकता? दिखाओ मुझे!"

म्हातारा दचकला. झाडाखालच्या बायका जेवायच्या थांबल्या. आबा म्हणाले, "अगं, काय करतीस?" पण मी थांबणार नव्हते. मी आणखी बरंच बोलले. ते इथं लिहायची मला लाज वाटते.

ड्राफ्ट्समन धावत आला. त्यानं म्हाताऱ्याला सलाम केला, दोन मिनिटं अरबीत बोलला आणि कपाळाला हात लावला.

"अगो ताई, आयक तरी तो काय बोलतोय! पाणी जिथं पयला उजेडात येतं ना, त्या जागेलाच हे लोक शरिया बोलतात. पिण्याची जागा. ती वर आहे. हिथं खाली लोक आंघोळी करतात, म्हणून तो काकांना बोलला, हिथं नको, वर जाऊन प्या. चांगल्यासाठीच बोलला गो."

"आणि वकील?"

"फलजाचा कारभारी. त्याला वकील बोलतात. कोर्टाचा नाय."

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. मी त्या माणसाची माफी मागितली, हिंदीत, इंग्रजीत, येत होत्या तेवढ्या अरबी शब्दांत. त्यानं हात हलवून "खलास, खलास" म्हटलं, झालं गेलं संपलं. त्याला माझ्यात रस उरलेलाच नव्हता. कारण आबांनी मधल्या वेळात ड्राफ्ट्समनकडून त्याला एक प्रश्न विचारला होता: पाण्याची पाळी किती तासांची?

पुढचा पाऊण तास मी तिथे नसल्यातच जमा होते. एक पाटकरी आणि एक वकील पायरीवर शेजारी शेजारी बसले आणि मधे ड्राफ्ट्समन बिचारा भाषांतर करून घामाघूम झाला. पाळी अथरमध्ये मोजतात, एक अथर म्हणजे अर्धा तास. पूर्वी दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर वेळ मोजायचे, आता मनगटावर घड्याळ आहे. आबांनी विचारलं, शेवटच्या बागेला पाणी पोचतं का? वकील म्हणाला, पोचवावं लागतं. आबा म्हणाले, आमच्याकडं पण. मधेच बांध फोडून कोणी पाणी चोरतं का? दोघंही हसले, त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

मग आबांनी विचारलं, "तुम्ही लोकांच्या बागेत जाता, पाणी सोडता. तिथं पाणी पिता का?"

ड्राफ्ट्समननं विचारलं. वकिलानं काठी आडवी हलवली. तो सावकाश बोलला आणि ड्राफ्ट्समनही सावकाश मराठीत सांगत गेला. "तो बोलतो, नाय. खाली पाणी वाटलं गेलं की ते कुणाचं तरी झालं. त्याचं पाणी मी प्यालो, खजूर खाल्ला, की उद्या त्याची पाळी संपताना माझा हात जड होणार. म्हणून मी पितो तर शरियावर. वाटणीच्या आधीचं पाणी. ते कुणाचं नाय."

आबांनी मान डोलावली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणून तर छागल."

"आबा, छागल त्यासाठी होती?"

"मग कशासाठी? ज्याच्या हातात दार, त्यानं बांधावर पाणी प्यायचं नाही. एका गाडग्यानं सुरुवात होती, मग चहा, मग जेवण. मग शेवटच्या रानाला पाणी जात नाही. मघाशी पण तेच विचारलं, आत्ता पाळी कोणाची चालू आहे. तू अंगावरच आलीस."

"आणि तो कप?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. "त्या वस्तीवरच्या कोनाड्यातला?"

त्यांना आठवायला वेळ लागला नाही, म्हणजे त्यांनीही तो जपून ठेवला होता. पाण्याकडे बघत ते म्हणाले, "तो होताच की. कप त्यांनी ठेवला होता. छागल मी ठेवली होती."

मग गुडघ्यावर हात देऊन उठले. वकिलानं त्यांचा दंड धरला. दोघं म्हातारे एकेक पायरी करत वरच्या अंगाला गेले, जिथे पाणी अंधारातून बाहेर येतं. आबांनी कुणालाही काही न विचारता ओंजळ भरली आणि प्यायले. दुसरी भरली. तिसरी तोंडावर मारली. मी हरले होते, आणि मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"गोड आहे," ते म्हणाले. "आणि आता माझ्या हातात दारही नाही कुणाचं."

शनिवारी सकाळी मी त्यांची बॅग भरली. ओट्यावरची बाटली पुसून बाजूच्या कप्प्यात घातली, तर त्यांनी ती काढून परत ओट्यावर ठेवली.

"विमानात नेऊ देतात आबा, रिकामी असली तर."

"माहितीय मला. तू विसरली नव्हतीस हे पण माहितीय." ते हसले. "राहू दे तुलाच. माझं काम संपलं. तू अजून पाण्याच्या नोकरीत आहेस."

कुरुमचं जेवण मला तेव्हा आठवलं. त्यांनी गाडीत विचारलेला प्रश्न आठवला. मी त्यांच्या पाया पडले.

रविवारी ऑफिस उघडलं. अकराच्या सुमारास त्या कंत्राटदाराचा माणूस फाइल घेऊन आला, सोबत ट्रे. ज्यूस, खजूर, थंड पाण्याच्या बाटल्या. "मॅडम, पहले कुछ लीजिए, साइन तो होता रहेगा, इन्शाल्ला." मी फाइल उघडली. शेवटच्या टोकाच्या पाइपचा उतार कमी भरत होता. मागे मी तो बघितला होता आणि चालेल म्हटलं होतं. मी त्यावर लाल पेननं गोल काढला आणि फाइल त्याच्याकडे सरकवली.

त्यानं ट्रे आणखी पुढे केला. "थोडा पानी तो लीजिए."

मी टेबलाखालच्या पिशवीतून स्टीलची बाटली काढली.

"पाणी आहे माझ्याकडं," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. त्याला समजलं.